जुना पीसी, सकाळी कोडिंग, संध्याकाळी गेम : कोणतं लिनक्स टाकायचं?



कॉम्प्युटर क्लास, सायबर कॅफे, झेरॉक्स सेंटर चालवणाऱ्यांचा एक प्रश्न आता ठरलेला झालाय. "सर, आठ-दहा जुने पीसी आहेत. सकाळी मुलांना सी आणि पायथॉन शिकवतो, संध्याकाळी तासावर गेम. विंडोज ११ टाकता येत नाही. लिनक्स टाकू म्हणतो, पण कोणतं?" व्हिडिओत मी फक्त नावं सांगितली होती. ती कशी निवडायची, हे इथे सविस्तर लिहितोय, कारण नाव चुकलं तर दुरुस्त करता येतं, पण निवडायची पद्धत चुकली तर संध्याकाळचं गिऱ्हाईक जातं.

प्रश्न आत्ताच का आला, ते थोडक्यात. विंडोज १० चा मोफत सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आता वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव (आपलं मालेगाव, नाशिकचं नव्हे) इथल्या क्लासमध्ये जाऊन बघा. अकोल्याहून किंवा नागपूरहून आणलेले ऑफिसमधले सेकंड हॅन्ड पीसी, चौथ्या किंवा सहाव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ च्या यादीत नाही. सगळे बदलायचे म्हटले तर सोयाबीन बाजार समितीत गेल्याशिवाय ज्यांची फी जमा होत नाही, अशा पालकांच्या भरवशावर चालणाऱ्या क्लासला ते परवडत नाही.

तिसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे : कुणाकडून तरी पेनड्राइव्हमध्ये 'क्रॅक' विंडोज आणायचं. धंद्याच्या मशीनवर हे करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर ती वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सवलत देऊ शकतं. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे.

म्हणून लिनक्स. पण थांबा, डिस्ट्रो सगळ्यात शेवटी निवडायचा.

आधी गेमची यादी करा

एक कागद घ्या आणि तुमच्याकडे मुलं खरोखर काय खेळतात ते लिहा. यूट्यूबवर कुणी खेळतंय ते लिहू नका, तुमच्या खुर्चीवर बसून पैसे देणारा पोरगा काय मागतो ते लिहा.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात, ही गोष्ट आता जुनी झाली. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. प्रोटॉन म्हणजे मधला दुभाषी. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, प्रोटॉन ते लिनक्सला समजेल असं करून देतो. २०२२ मध्ये व्हॉल्व्हनं स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर काढला, तो लिनक्सवरच चालतो. त्यामुळे एकट्यानं खेळायचे, स्टोरीवाले बहुतेक गेम आज लिनक्सवर चालतात. प्रोटॉनडीबी नावाची वेबसाइट आहे, तिथे गेमचं नाव टाकलं की लोकांचा अनुभव प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशा दर्जानं दिसतो. गोल्ड किंवा वर असेल तर बिनधास्त. 'बोर्क्ड' दिसलं तर तो विषय सोडा.

अडचण ऑनलाइन गेमची आहे, आणि ती डिस्ट्रो बदलून सुटत नाही. हे वाक्य परत वाचा, कारण पुष्कळ जण एकामागून एक पाच डिस्ट्रो टाकून बघतात आणि शेवटी लिनक्सला शिव्या देतात. ऑनलाइन गेममध्ये फसवणूक पकडणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर असतं. काही कंपन्यांचं अँटी-चीट विंडोजच्या अगदी मुळाशी जाऊन बसतं. लिनक्सवर ते बसत नाही, किंवा कंपनी मुद्दाम परवानगी देत नाही.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट नाही. पीसीवरचा पबजी नाही. एपेक्स लेजंड्स पूर्वी चालायचा, २०२४ च्या शेवटाकडे कंपनीनं लिनक्सची दारं बंद केली. जीटीए फाइव्हची स्टोरी छान चालते, पण सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या ऑनलाइन भागात नवीन अँटी-चीट आलं आणि तो भाग लिनक्सवर बंद झाला. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच बनवलेले मिळतात, प्रोटॉनसुद्धा लागत नाही. त्यातही एक मेख आहे : काउंटर-स्ट्राइकच्या ज्या स्पर्धा फेसिट नावाच्या प्लॅटफॉर्मवर होतात, त्याचं अँटी-चीट विंडोजच मागतं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती लिनक्सवर अधिकृतपणे चालते, बेडरॉक आवृत्ती नाही.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न : फ्री फायर, बीजीएमआय. हे मुळात मोबाइलचे गेम. कॅफेत ते ब्लूस्टॅक्ससारख्या इम्युलेटरवर चालवतात, आणि ब्लूस्टॅक्सची लिनक्स आवृत्तीच नाही. दुसरे जुगाड आहेत, पण धंद्यात रोज संध्याकाळी पाच वाजता चालेल की नाही याची धाकधूक ठेवून चालत नाही. तुमची निम्मी कमाई फ्री फायरची असेल, तर ती मशीनं लिनक्सवर नेऊ नका, एवढं स्पष्ट सांगतो.

(रमी, पैसे लावून खेळायचे ॲप वगैरे या यादीत घालूच नका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. लिनक्स असो की विंडोज.)

मग पीसीचं झाकण उघडा

दुसरी गोष्ट ग्राफिक्स. रॅम आणि प्रोसेसर सगळेच बघतात, पण लिनक्सवर गेम चालेल की नाही हे ग्राफिक्स चिप ठरवते. कारण असं, की प्रोटॉन विंडोजच्या गेमचं चित्र वल्कन नावाच्या पद्धतीत बदलतो. चिपला वल्कनची पुरेशी नवी आवृत्ती येत नसेल तर दुभाषी मुका होतो.

चौथ्या पिढीचा इंटेल, त्याचंच आतलं ग्राफिक्स : वल्कन अर्धवट. हलके, जुने, मुळात लिनक्ससाठी बनलेले गेम चालतील. प्रोटॉनवरच्या नव्या गेमची आशा नको. सहाव्या पिढीपासून पुढे वल्कन नीट आहे, पण ताकद कमीच, त्यामुळे मोठ्या गेमला चित्र अडखळत येईल.

एनव्हिडियाचे जीटी ७१० आणि जीटी ७३० हे कार्ड आपल्या बाजारात ढिगानं दिसतात. "दोन जीबी ग्राफिक्स आहे साहेब" म्हणून विकतात. लिनक्ससाठी हे घेऊ नका. त्यांना एनव्हिडियाचा जुना ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, तो आता मागे पडलाय, आणि आजच्या प्रोटॉनला लागणारं वल्कन त्यांच्याकडे नाही. जीटीएक्स १०५० टीआय चालतं, पण त्या पिढीला ५८० मालिकेचा ड्रायव्हर शेवटचा आहे, म्हणजे आयुष्य मोजकं. जीटीएक्स १६५० किंवा पुढचं असेल तर निर्धास्त.

सेकंड हॅन्ड कार्ड नव्यानं घ्यायचंच असेल तर माझं मत एएमडीच्या बाजूनं. आरएक्स ५५०, आरएक्स ५७० अशा कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच असतो. पेनड्राइव्हवरून चालू केलं की कार्ड ओळखलेलं असतं, वेगळं काही टाकायचं नाही. दहा मशीन सांभाळणाऱ्या माणसाला ही सोय लाखमोलाची आहे. फक्त एक बघा : ऑफिसच्या छोट्या पेटीतल्या पीसीत मोठं कार्ड मावत नाही आणि त्याचा पॉवर सप्लायही कमी पडतो. मोजमाप घेऊनच बाजारात जा.

आता डिस्ट्रो

कागदावर गेमची यादी आहे, बाजूला ग्राफिक्सचं नाव आहे. आता निवड सोपी होते.

बहुतेकांसाठी उत्तर : लिनक्स मिंट. एकदम नवखा माणूस, जुना पीसी, सकाळी प्रोग्रामिंग, संध्याकाळी साधे गेम, या सगळ्याला मिंट पुरतं. खाली डावीकडे मेनू, खिडक्या बंद करायची फुली उजवीकडे, फाइल उघडायची पद्धत ओळखीची. विंडोजवरून आलेल्या मुलाला दहा मिनिटांत हात बसतो. मिंटची २२ मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे एकदा टाकलं की दोन-तीन बॅचेस त्याला हात लावायला नको. त्यात 'ड्रायव्हर मॅनेजर' असतो, एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिथूनच एका क्लिकवर बसतो. आणि 'टाइमशिफ्ट' असतं, त्याबद्दल खाली बोलतो.

मिंटमध्येही दोन प्रकार लक्षात ठेवा. आठ जीबी रॅम असेल तर सिनॅमन. चारच जीबी असेल तर एक्सएफसीई, दिसायला साधं पण हलकं. एक गोष्ट मात्र करा : हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा. फिरत्या डिस्कवर कोणतंही लिनक्स टाका, मुलं कंटाळणारच.

उबुंटू वाईट नाही. प्रोग्रामिंगची बहुतेक पुस्तकं, ट्युटोरियल्स त्याच्यावरच असतात. पण त्याच्या ॲप स्टोअरमधून स्टीम घेतलं तर ते 'स्नॅप' प्रकारचं येतं आणि गेमला त्रास देतं. स्टीमच्या स्वतःच्या वेबसाइटवरून डेब फाइल उतरवून टाका. मिंटमध्ये हा घोळ नाही.

फेडोरा चांगलं, अगदी नव्या लॅपटॉपला तर छानच, कारण त्यात कर्नल आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर ताजे असतात. पण दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि एका आवृत्तीचा सपोर्ट साधारण तेरा महिनेच. स्वतःच्या एका लॅपटॉपसाठी घ्या, क्लासच्या दहा मशीनसाठी नको.

बझाइट आणि नोबारा ही दोन नावं गेमिंगच्या व्हिडिओत सारखी ऐकू येतात. दोन्ही फेडोरावर बेतलेली, स्टीम वगैरे आधीच बसवून येतात. फक्त गेमसाठी वेगळं ठेवलेलं एक ताकदवान मशीन असेल तर बझाइट खरंच मजेशीर. त्याचा मुख्य भाग कुलूपबंद असतो, पोरांनी काही बिघडवायचं म्हटलं तरी सहज बिघडत नाही. कॅफेवाल्याला हे फार आवडेल. पण त्याच कुलपामुळे प्रोग्रामिंगची साधनं वेगळ्या डब्यात टाकावी लागतात, नवख्याला ते गोंधळाचं होतं. शिवाय अपडेट जड असतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लास चालवत असाल तर विचारसुद्धा करू नका.

झोरिन दिसायला विंडोजसारखं, ठीक. आर्च, कॅचीओएस वगैरे नंतर कधीतरी, हौस म्हणून.

प्रोग्रामिंगचं काय?

यात डिस्ट्रोनं फारसा फरक पडत नाही, म्हणून थोडक्यात. पायथॉन आधीच असतं. सी आणि सी प्लस प्लससाठी जीसीसी, जावासाठी ओपनजेडीके, गिट, व्हीएस कोड, सगळं फुकट आणि अधिकृत.

पण आपल्या भागातली एक खास अडचण सांगतो : टर्बो सी. निळ्या पडद्यावर शिकलेली मुलं 'कोनियो डॉट एच', पडदा पुसणारं 'सीएलआरएससीआर', 'गेट-सीएच' असं लिहितात. जीसीसीवर हे चालत नाही, पहिल्याच प्रोग्रामला लाल अक्षरं येतात आणि मूल म्हणतं, "सर, लिनक्स खराब आहे." खराब काही नाही. कोनियो हा जुन्या डॉसच्या काळातला भाग आहे, सी भाषेच्या प्रमाणात तो नाहीच. अमरावती विद्यापीठाच्या बीसीए, बीएस्सीची मुलं तुमच्याकडे येत असतील तर आधी त्यांच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला काय वापरतात ते विचारा. टर्बो सीच असेल तर मिंटवर डॉसबॉक्स टाकून तेही दाखवा, म्हणजे परीक्षेत अडणार नाही. पण शिकवा जीसीसीवर, कारण नोकरीत टर्बो सी कुणी विचारणार नाही.

पायथॉनमध्ये 'पिप'नं काही टाकायला गेलं की नव्या मिंटवर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा नकार येतो. घाबरू नका. सिस्टीमच्या पायथॉनला धक्का लागू नये म्हणून ते कुंपण आहे. प्रत्येक प्रोजेक्टसाठी 'व्हेन्व' करायला पहिल्याच दिवशी शिकवा.

मराठीतून शिकवायचं साहित्य हवं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. लिनक्स, सी, जावा, पायथॉन, लिब्रेऑफिस या विषयांचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. काही धडे जुने आहेत, पडदा थोडा वेगळा दिसेल, पण आशय पक्का आहे.

ही मशीनं विंडोजवरच राहू द्या

दहाच्या दहा मशीन एकदम बदलू नका. एक किंवा दोन विंडोजवर ठेवा, अधिकृत लायसन्स घेऊन. कारण सांगतो. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही. कोरल ड्रॉ नाही. श्रीलिपी, कृतीदेवमध्ये केलेलं लग्नपत्रिकेचं, बॅनरचं काम तिकडेच. (युनिकोड मराठीला काही अडचण नाही, मिंटमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो.) आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर बोटाचा ठसा घेणारी मशीनं आणि डिजिटल सहीचे टोकन यांची सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज धरूनच बनवलेली असतात. एमएस-सीआयटीचं अधिकृत केंद्र असेल तर मशीनबद्दल त्यांच्या अटी काय आहेत, ते आधी विचारून घ्या.

आणि प्रिंटर! कॅननचा एलबीपी २९००, प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर असलेला तो छोटा पांढरा प्रिंटर, लिनक्सवर तुमचा घाम काढेल. त्याला विंडोजच्या मशीनला जोडून ठेवा. एचपीचे बरेच प्रिंटर मात्र मिंटवर लगेच ओळखले जातात.

नेट, लाइट आणि लायसन्स

काउंटर-स्ट्राइकसारखा गेम दहा मशीनवर दहा वेळा डाउनलोड केला तर महिन्याचा डेटा संपलाच. स्टीममध्ये फेब्रुवारी २०२३ पासून सोय आहे : एका मशीनवर गेम उतरवा, बाकीची मशीनं त्याच नेटवर्कवर असतील तर तिथूनच कॉपी करून घेतात. सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क गेम ट्रान्सफर' बघा. गेम लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर ठेवा. जुन्या विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर ठेवले की प्रोटॉन रुसतो.

लाइट जाणं काही आपल्या हातात नाही. अपडेट चालू असताना लाइट गेली तर मशीन अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. म्हणून यूपीएस नसलेल्या मशीनवर स्वयंचलित अपडेट बंद ठेवा, महिन्यातून एकदा सुट्टीच्या सकाळी स्वतः करा, आणि त्याआधी टाइमशिफ्टनं एक स्नॅपशॉट घ्या. काही बिघडलं तर पंधरा-वीस मिनिटांत मागच्या अवस्थेला परत जाता येतं.

आता एक कडू गोष्ट. स्टीमचं साधं खातं वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी असतं. तासाचे पैसे घेऊन खेळवायचं तर व्हॉल्व्हचा कॅफेंसाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, त्यात नोंद करा. हे नको असेल तर सुपरटक्सकार्ट, झिरो ए.डी., झोनोटिक हे मुक्त गेम आहेत. कितीही मशीनवर टाका, पैसे घ्या, कुणी विचारणार नाही, आणि दुकानातल्या दुकानात नेटशिवाय एकमेकांविरुद्ध खेळता येतात. सुपरटक्सकार्ट तर सातवी-आठवीच्या पोरांना एकदा लावून द्या आणि बघा.

सुरुवात कशी?

एक आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोजवर रूफस नावाच्या सॉफ्टवेअरनं त्यावर मिंट चढवा, आणि मशीन त्यावरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता मिंट चालू होतं. आवाज येतो का, वाय-फाय दिसतं का, प्रिंटर ओळखतो का, पडद्याचं रिझोल्यूशन बरोबर आहे का, एवढं तपासा. यूएसबीचं छोटं वाय-फाय डोंगल चाललं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, ते जवळजवळ नेहमी चालतं.

लॅपटॉपवर विंडोजसोबत ठेवायचं असेल तर विंडोजमध्ये आधी फास्ट स्टार्टअप बंद करा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. ही की हरवली तर आतले फोटो, हिशेब सगळं गेलं समजा. डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही.

सगळं ठीक दिसलं तर पहिल्या महिन्यात दोनच मशीन बदला. एक कोडिंगच्या बॅचला, एक संध्याकाळच्या पोरांना द्या. ती कुठे अडतात ते त्या गेमच्या यादीखाली लिहीत जा. पुढच्या व्हिडिओत मी मिंटचं पूर्ण इन्स्टॉलेशन दाखवतोय, चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर, मुद्दाम.